ब्रेकअप ‘झालं’

भाषांतराच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘शी ब्रोक अप विथ हिम’. शब्दकोश उघडायची गरज कुणालाच पडत नाही. वर्गात मराठीबरोबर हिंदी, गुजराती, बंगाली घरांतली मुलं असतात. सगळी दोन मिनिटांत आपापल्या भाषेत वाक्य लिहून पेन खाली ठेवतात. मराठी वह्यांमध्ये बहुधा असतं, ‘त्यांचं ब्रेकअप झालं.’ हिंदीत ‘उनका ब्रेकअप हो गया’, गुजरातीत ‘ब्रेकअप थई गयुं’, बंगालीत ‘ब्रेकअप होये गेछे’. मग मी विचारते, मूळ वाक्यात कुणी कुणाला सोडलं? ‘तिनं त्याला,’ हे उत्तर एका सुरात येतं. आणि तुमच्या वाक्यात? इथं जरा चुळबुळ होते. पाऊस झाला, उशीर झाला, तसं ब्रेकअप झालं. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘‘पण मॅडम, आपण असंच तर म्हणतो.’’

तिचं म्हणणं खरं होतं. आपण असंच म्हणतो. त्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. ही मुलं हा शब्द शाळेत शिकलेली नाहीत. शाळेच्या इंग्रजीनं त्यांना ‘अंकल’, ‘आंट’ आणि रजेचा अर्ज दिला. ब्रेकअप, डेटिंग, एक्स, कमिटमेंट, मूव्ह ऑन ही सगळी शिदोरी टीव्हीची. शब्द तिथून आला, तर त्या शब्दाचा कर्ता वाटेत कुठं सांडला?

इंग्रजी मालिकांतून इंग्रजी शिकणं हे काही आपलंच वेड नाही. बीटीएस या कोरियन गटाचा आरएम याने 2017 मध्ये अमेरिकन टीव्हीवर सांगितलं होतं की आईनं आणून दिलेल्या ‘फ्रेंड्स’च्या डीव्हीडी बघून तो इंग्रजी शिकला, आधी कोरियन सबटायटल, मग इंग्रजी, मग काहीच नाही. आपल्याकडे ही शाळा सुरू झाली नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला, उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा. तेव्हा इंग्रजी असलेल्या स्टार प्लसवर ‘सान्ता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ लागत. पुढं ‘फ्रेंड्स’ आलं आणि मुक्कामाला राहिलं. वाहिन्या बदलल्या, फोनवर बघायचे दिवस आले, तरी माझ्या वर्गातल्या, ती मालिका संपली तेव्हा जन्मलेल्या मुलांना तिचे भाग पाठ आहेत. म्हणून तिच्याबद्दलच बोलू. दहा वर्षं, 1994 ते 2004, चाललेली ही मालिका विनोदी म्हणून पाहिली जाते. मला ती एका शब्दाच्या अर्थावरून चाललेलं लांबलचक भांडण वाटते.

तिसऱ्या हंगामातले फेब्रुवारी 1997 मधले लागोपाठचे दोन भाग आठवा. रेचलला पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं आहे. याआधी ती कॉफीहाउसमध्ये वेट्रेस होती. आता मोठ्या दुकानात, फॅशनच्या खात्यात आहे. रॉसशी तिचं नातं वर्षभराचं झालंय. वाढदिवसासारखा तो दिवस साजरा करायचा, तर तिला कामावर थांबावं लागतं. रॉस खाण्याची टोपली घेऊन थेट तिच्या कचेरीत जातो. त्यातून भांडण होतं आणि भांडणात रेचल म्हणते, आपण एक ब्रेक घेऊ या. रॉस म्हणतो, ठीक आहे, जरा डोकी थंड करू, चल, दही-आइस्क्रीम खाऊन येऊ. मग तिला सांगावं लागतं की ब्रेक भांडणापासून नको आहे, ‘आपल्यापासून’ हवा आहे.

इंग्रजी शिकणाऱ्यासाठी याहून चांगला धडा मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, शिवाय जो डॉक्टरेट झालेला आहे, त्या माणसाला ‘ब्रेक’चा अर्थ कळत नाही. कळत नाही की कळून घ्यायचा नाही, हा पुढचा प्रश्न. त्या रात्री तो दुसऱ्या एका मुलीबरोबर झोपतो. दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा पेटतं आणि त्याचं सगळं बचावपत्र तीन-चार शब्दांचं असतं : आपण ब्रेकवर होतो. या भांडणाच्या वेळी उरलेले चौघे शेजारच्या झोपायच्या खोलीत अडकलेले असतात. बाहेर येता येत नाही, भूक लागलेली, दाराला कान. मला त्या चौघांत कायम आपण दिसतो. दुसऱ्याच्या भाषेत चाललेलं दुसऱ्याचं भांडण, दाराआडून, सगळे शब्द ऐकू येतायत आणि तरी नक्की काय झालं ते एकमेकांना विचारावं लागतंय.

चौथा हंगाम सुरू होतो तो रेचलनं लिहिलेल्या अठरा पानी पत्रानं, पाठपोट लिहिलेल्या. रॉस ते न वाचताच ‘हो’ म्हणून बसतो आणि मग पुन्हा भांडण. त्या भांडणात तो तिला ओरडून काय सांगतो? की ‘युअर’ आणि ‘यू आर’ यांचं स्पेलिंग वेगळं असतं! प्रेक्षक खळखळून हसतात. मीही हसले होते. इंग्रजी चुकेल या धास्तीत वाढलेल्या आमच्या पिढीला तो विनोद जरा जास्तच कळला असावा. आज बघताना मात्र दिसतं की पत्रात ती काय म्हणते आहे यावर त्याच्याकडे बोलायला काही नाही, म्हणून तो शुद्धलेखन तपासतो आहे. ही युक्ती नवऱ्यांना, बापांना आणि परीक्षकांना चांगली ठाऊक असते.

मालिकेतून शब्द शिकण्याचा हा खरा फायदा. शब्दकोश ‘ब्रेक’चे अर्थ एकाखाली एक लावून देतो आणि प्रत्येक अर्थ आपल्या जागी शांत बसलेला असतो. मालिका दाखवते की तो शब्द दोघांच्या मध्ये पडलेला आहे आणि दोघं तो आपल्याकडे ओढतायत. ‘ब्रेक’ घेणं, ‘ब्रेकवर’ असणं, ‘ब्रेक अप’ करणं यांतला फरक अव्ययांचा आहे, आणि त्या चिमुकल्या अव्ययांवर घर टिकतं किंवा मोडतं. ‘वी ब्रोक अप’ म्हटलं की भार दोघांवर. ‘आय ब्रोक अप विथ हिम’ म्हटलं की निर्णय माझा. ‘ही डम्प्ड मी’ म्हटलं की मी कर्म. इंग्रजी प्रेक्षक हे सहज ऐकतो. आपल्याला ते ऐकू यायला वेळ लागतो, कारण आपण नामं वेचत बसलेलो असतो.

तर मराठीत हे कसं चालतं? आपल्याकडे नात्यांची क्रियापदं मोठी मजेची आहेत. जमलं, ठरलं, जुळलं, बिनसलं, फिसकटलं, मोडलं. सगळी नपुंसकलिंगी आणि सगळी आपोआप घडणारी. ‘त्यांचं जमलं’ या वाक्यात नेमकं काय जमलं ते कुणी विचारू नये. माणसं षष्ठीत मागं उभी असतात, जशी लग्नाच्या फोटोत मामा-मामी उभी असतात. मला या रचनेचा राग नाही. तिच्यात एक सभ्यता आहे. दोष कुणाच्याच माथी मारायचा नसतो तेव्हा ती फार उपयोगी पडते. ‘आमचं नाही जमलं’ या तीन शब्दांत जेवढी शालीनता आहे तेवढी ‘इट्स नॉट यू, इट्स मी’ या, ‘साइनफेल्ड’नं घरोघरी पोचवलेल्या आणि टवाळीचा विषय केलेल्या वाक्यात नाही.

पण ‘मोडणे’ या क्रियापदापाशी जरा थांबायला हवं. हिंदीत टूटना आणि तोड़ना अशी दोन वेगळी रूपं आहेत. मराठीत तुटणे-तोडणे तशीच. ‘मोडणे’ मात्र दोन्हीकडे चालतं. ‘तिचं लग्न मोडलं’ आणि ‘तिनं लग्न मोडलं’. क्रियापद तेच, रूप तेच, लग्नही तेच. फरक एका प्रत्ययाचा. पहिलं वाक्य ऐकून शेजारच्या काकू हळहळतात. दुसरं ऐकून त्याच काकू डोळे बारीक करतात. ‘तिचं’पासून ‘तिनं’पर्यंत जायला आपल्याकडे बाईला किती वर्षं लागली, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

आणि नुसतं मोडण्याचं काय घेऊन बसलात. ‘नांदणे’ घ्या. ती नांदते, ती नांदत नाही, तिला नांदायला पाठवलं. नवरा नांदत नाही असं कुणी म्हणत नाही. तो फार तर ‘नांदवत नाही’. कर्तरी प्रयोग आहे खरा, पण मर्जी दुसऱ्याची. रखमाबाईंचा खटला याच क्रियापदावरचा होता असं मला नेहमी वाटतं. लहानपणी झालेल्या लग्नातला नवरा दादाजी भिकाजी 1884 मध्ये मुंबईच्या कोर्टात गेला, बायकोनं नांदायला यावं म्हणून. रखमाबाईंनी 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं पत्रं लिहिली, ती इंग्रजीत. 1887 मध्ये कोर्टानं बजावलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ते निकालपत्रही इंग्रजीतच होतं. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढं तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. टीव्हीच्या शंभर वर्षं आधी एका मराठी बाईनं इंग्रजी ‘आय’ उचलला आणि ‘मी जाणार नाही’ असं म्हटलं. त्याच भाषेनं तिला ‘जा’ असंही सांगितलं. म्हणून इंग्रजी शिकलं की बाई मोकळी होते, असा सरळ हिशेब कुणी मांडू लागलं की मला रखमाबाईंच्या निकालपत्राची आठवण होते.

शिवाय दोन धातुसाधितं आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही. टाकलेली आणि ठेवलेली. नवऱ्यानं टाकलेली, अमक्यानं ठेवलेली. ‘टाकलेला नवरा’ हा शब्दप्रयोग मी ऐकलेला नाही. संगमनेरच्या अॅड. निशा शिवूरकर यांनी आपल्या पुस्तकाला ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असं नाव दिलं, तेव्हा ‘परित्यक्ता’ या संस्कृत पडद्यामागचा तो शब्द मुद्दाम पुढं आणला. ‘ठेवलेली’ तर इंग्रजीतही जाऊन बसली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात लग्नाविना एकत्र राहणाऱ्या बाईच्या संदर्भात ‘कीप’ हा शब्द आला आणि इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्याला हरकत घेतली. प्रश्न पोटगीचा होता. विवाहसदृश नातं कुठलं, हे ठरवायचं होतं. शब्दावर भाकरी अवलंबून होती. ‘फ्रेंड्स’मध्ये रॉसला आणि जोईला, मोनिकाला आणि रेचलला, सगळ्यांनाच केव्हा ना केव्हा ‘डम्प’ केलं जातं. अर्थ ‘टाकणे’ हाच. पण तिथं टाकलेला माणूस आठवडाभर सोफ्यावर पडून आइस्क्रीम खातो आणि पुढच्या भागात पुन्हा बाहेर पडतो. शब्द एकच, त्याच्या खालची जमीन वेगळी. मालिका बघून शब्द उचलताना ती जमीन सोबत येत नाही.

मग आपण काय केलं? नाम उचललं आणि त्याला आपलं ‘झालं’ जोडलं. ‘ब्रेकअप झालं’. (काही जण ‘झाला’ म्हणतात, या पाहुण्याचं लिंग अजून ठरायचं आहे.) ‘तिनं ब्रेकअप केलं’ असं कुणी म्हणतच नाही, असं नाही. म्हणतात. पण कान देऊन ऐका, बहुतेक वेळा त्यात तक्रार असते, आणि ती करणारा बहुतेक वेळा ‘तो’ किंवा त्याचे मित्र असतात. ती स्वतः विचारलं की सांगते, ‘‘झालं आमचं ब्रेकअप.’’ जे तिनं चार महिने विचार करून केलं ते तिच्याच तोंडी ‘झालं’ होतं.

याला अडाणीपणा म्हणायची घाई मी करणार नाही. उचललेले शब्द आपण नेहमीच आपल्या मापात शिवून घेतले आहेत. ‘अफेअर’ घ्या. अमेरिकन मालिकेत अफेअर म्हटलं की कुणाचं तरी लग्न पणाला लागलेलं असतं. माझ्या आईच्या पिढीत कॉलेजच्या ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या दोन अविवाहित मुलांचंही ‘अफेअर’ असे, आणि आवाज खाली आणूनच ते सांगितलं जाई. ‘प्रपोज’चंही तसंच. 2000 सालच्या मे महिन्यात मोनिका आणि चँडलर एकमेकांसमोर गुडघे टेकतात ते लग्न मागण्यासाठी. आपल्याकडे ‘प्रपोज मारला’ म्हणजे ‘तू मला आवडतेस’ असं सांगितलं, एवढंच. लग्नाला अजून बी.ए., नोकरी आणि पत्रिका एवढे टप्पे असतात. आणि ते ‘मारणे’ बघा. लाइन मारतात, डोळा मारतात, तसा प्रपोजही मारतात. माझी कुरकुर शब्द वाकवण्याबद्दल नाही. वाकवताना ‘तिनं’ गळून पडतं, एवढ्याबद्दल आहे.

रक्ताच्या नात्यांच्या बाबतीत तर आपणच श्रीमंत, हे सगळ्यांना माहीत आहे. मावस, मामे, चुलत, आते यांची यादी पुन्हा द्यायला नको. एकच नोंद. फीबीच्या ‘हाफ ब्रदर’ला मराठीत आपण सावत्र म्हणणार आणि ‘स्टेप ब्रदर’लाही सावत्रच. इथं इंग्रजीकडे दोन शब्द, आपल्याकडे एक. उलट ‘सख्खा’ला इंग्रजीत काहीच नाही; मोनिका आणि रॉस हे बहीण-भाऊ आहेत, बस. म्हणून आपण भारतीय इंग्रजीत ‘रिअल ब्रदर’ घडवला.

आता मराठी नाटकातली एक मुलगी. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ 1985 चं. त्या वाड्यात थोरल्या सुनेला नाव नाही, ती ‘वहिनी’ आहे. मुंबईहून आलेली धाकटी मात्र अंजली. दोन सुनांत नात्यांच्या दोन शब्दकोशांचं अंतर आहे. पण मला आठवते ती वहिनीची मुलगी रंजू, सिनेमाच्या नादानं वेडावलेली, इंग्रजीत कच्ची. तिला इंग्रजीची शिकवणी लावली जाते आणि ती त्या शिकवणीच्या मास्तराबरोबर, घरातले दागिने घेऊन, मुंबईला पळून जाते. मराठी घराला इंग्रजी शिकणाऱ्या मुलीबद्दल जी भीती वाटते ती एलकुंचवारांनी इतकी शब्दशः घडवून आणली आहे की हसू येतं आणि मग येत नाही. ‘पळून गेली’ या क्रियापदात ती कर्ती आहे, हे लक्षात घ्या. मराठीत मुलीला पूर्ण, निखळ कर्तृत्व देणारं हे एक क्रियापद. त्यासाठी तिला घर सोडावं लागतं, आणि तिच्या बाजूचं कुणी असेल तर तो लगेच ‘पळवून नेली’ अशी दुरुस्ती करतो.

मराठी मालिकांनी ही कोंडी आपल्या परीनं सोडवली. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये आली तेव्हा घना आणि राधा या दोघांनी घरच्यांच्या आग्रहापोटी कराराचं लग्न केलं, वेगळं होण्याच्या बोलीवर. म्हणजे अमेरिकन मालिका जिथं संपते तिथून ही सुरू झाली. दिवाणखान्यात काका, आत्या, आजी यांची भाषा आणि खोलीचं दार लावलं की दोघांची वेगळी. सतीश राजवाडे यांच्या दिग्दर्शनातली गंमत ही होती की डेटिंगचे सगळे टप्पे, ओळख, भांडण, मत्सर, मंगळसूत्राच्या आडोशानं दाखवता आले. लबाडी होती, पण गोड लबाडी होती. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ 2015 ची. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा तरुण मुलंमुली म्हटल्यावर ‘फ्रेंड्स’शी तुलना झालीच. मला त्यातल्या बोलण्याची घडण लक्षात राहिली आहे. नाम इंग्रजी, क्रियापद मराठी. माझ्या वर्गातल्या वह्यांसारखीच.

इथपर्यंत माझा युक्तिवाद असा दिसतो की इंग्रजी मालिका बाईला कर्ता करते आणि आपण तिला पुन्हा षष्ठीत नेऊन उभं करतो. दोन गोष्टींनी तो माझ्याच हातात डळमळला.

पहिली ‘फ्रेंड्स’चा शेवट. मे 2004. रेचलला पॅरिसला, लुई व्हिताँमध्ये नोकरी लागली आहे. विमानात बसलेली ती उतरून परत येते, रॉसच्या दारात. दोघं कायमचे एकत्र येतात आणि तो म्हणतो, आपण ब्रेकवर नसलो तर. ती म्हणते, आता विनोद नको. सात वर्षांपूर्वी कामासाठी थोडी जागा मागताना जिनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला, तिच्या समोर तोच शब्द विनोद म्हणून परत येतो, आणि त्या क्षणी तिनं काम सोडलेलं असतं. मधल्या काळात मालिकेनं तो शब्द इतक्या वेळा गमतीला वापरला की प्रेक्षक एवढंच भांडत राहिले, रॉस बरोबर की चूक. रेचलला ब्रेक कशासाठी हवा होता, हे विचारायचं राहून गेलं. वाक्यात ‘शी’ कर्ता होती. कथानकानं ते कर्तेपण अलगद काढून घेतलं. रचना इंग्रजी, निकाल आपल्या ओळखीचा.

दुसरी ‘नॉर्मल पीपल’, सॅली रूनी यांच्या 2018 च्या कादंबरीवरची 2020 ची बारा भागांची मालिका. आयर्लंडमधली. कॉनेलची आई मेरीअॅनच्या घरी साफसफाईचं काम करते. पुढं दोघं डब्लिनला शिकायला जातात. उन्हाळ्यात कॉनेलचं काम सुटतं, खोलीचं भाडं देता येत नाही. मेरीअॅनच्या मोठ्या घरात राहायचं, एवढंच त्याला विचारायचं आहे. मराठीत दोन शब्दांचं वाक्य : ‘राहू का?’ ते त्याच्या तोंडून निघत नाही. तो म्हणतो की मी गावी जातोय, आणि मग, तुला दुसऱ्या कुणाला ‘सी’ करायचं असेल. तिला वाटतं, हा संपवतोय. ती हो म्हणते. झालं.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तो ब्रेकअपचा भाग वाटला. ‘सी अदर पीपल’ हा वाक्प्रयोग मला इतका पाठ होता की त्यानं माझ्या डोळ्यांवर झापड आणली. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दिसलं की इथं कुणी कुणाला सोडत नाहीये. एका मुलाला भाड्याची लाज वाटते आहे. पॉल मेस्कल हे खांदे पाडून, शब्दांच्या मधल्या जागेत करतो. मोलकरणीचा मुलगा मालकिणीच्या मुलीपुढं कसा उभा राहतो हे त्या शरीराला माहीत आहे. लाजेला तयार शब्द नव्हता. नातं संपवण्याला तयार, चकचकीत, सगळ्यांच्या ओळखीचा शब्द होता. तोच पुढं आला आणि त्यानं काम उरकलं. मातृभाषा इंग्रजी, कर्ता जागेवर, व्याकरण शुद्ध, आणि कुणालाच काही कळलं नाही. तिथं एखाद्यानं ‘आमचं नाही जमलं’ असं म्हटलं असतं तर निदान का, असं तरी कुणी विचारलं असतं.

हा भाग मी आता वर्गात दाखवते, सबटायटलशिवाय. सबटायटलचा आपला इतिहास तसाही विनोदी आहे. आमच्या काळी इंग्रजी वाहिन्यांवर नेमके नाजूक शब्द मुके केलेले असत आणि खालच्या ओळीत त्यांच्या जागी काहीतरी सोवळं आणून बसवलेलं असे. नात्यांची शब्दसंपदा शिकायला बसलेल्या मुलीसमोर पाठाची मधलीच पानं चिकटवलेली. आम्ही ओठांवरून ओळखायचो.

यंदाही ‘शी ब्रोक अप विथ हिम’ फळ्यावर लिहिलं. ‘त्यांचं ब्रेकअप झालं’ नेहमीसारखं आलं, पण चर्चा लांबली. ‘तिनं त्याला सोडलं’ यावर दोन मुलांनी हरकत घेतली : त्यात तो बिचारा वाटतो, आणि सोडणे हे कुत्र्याच्या बाबतीत म्हणतात. ‘तिनं संबंध तोडले’ हे तर वकिलाच्या नोटिशीसारखं. कुणीतरी ‘ती त्या नात्यातून बाहेर पडली’ असं सुचवलं. ते बरं होतं, पण बाहेर पडली म्हटल्यावर मला रंजू आठवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही शेवटी हातात आली. तिनं ‘झालं’ खोडून ‘केलं’ लिहिलं होतं, तेही खोडलं होतं, आणि त्याखाली, पेन दाबून : ‘तिनं त्याला संपवलं.’

मी लाल पेनानं ‘खून?’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही परत आली. ‘त्याला’ खोडलं होतं. बाकीचं तसंच ठेवलं होतं.